शिशाचं सोवळं

टेक्सासमधल्या प्लेनोमध्ये मी घर शोधत होते तेव्हा ज्यांच्या घरातली वरची खोली मला मिळाली, त्या काकांनी पहिल्या भेटीत मला ना पगार विचारला, ना स्वयंपाक येतो का, ना मित्रमंडळी येणार का. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "व्हिसा कुठला?"

मी सांगितलं.

"मग गॅरेजमध्ये कशालाही हात लावायचा नाही. पिस्तुलाला नाही, काडतुसाला नाही, खाली पडलेल्या रिकाम्या पुंगळीलासुद्धा नाही. व्हिसावाल्यांना चालत नाही, कायदा आहे. त्यात पळवाटा असतील, त्या मला सांगू नकोस. बघायचं असलं तर खुर्ची आहे, बस की. पण हात मांडीवर."

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. ह्यांच्याकडे दारू आहे, पण ती गॅरेजमध्येच असते."

बंदुकीत भरतात तिलाही आपल्याकडे दारूच म्हणतात, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. हा गृहस्थ गॅरेजमध्ये दारू पितो आणि शेजारी पिस्तुलं ठेवतो, असं समजून मी अर्धा चहा टाकून उठायच्या बेतात होते. काकूंना माझा चेहरा बघून हसू आवरेना. हा विनोद त्या प्रत्येक नव्या माणसावर करत, हे नंतर कळलं.

मी नागपूरची, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायचे. काका कोल्हापूरचे. उद्यमनगरात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी तरुणपणी गेज बनवली होती. गेज म्हणजे दुसऱ्यांनी केलेला भाग मापात आहे की नाही हे ठरवणारं हत्यार. मग अमेरिकेत येऊन व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत तेच काम केलं, नागरिक झाले, रिटायर झाले. कोल्हापूरचा माणूस असून अंडंसुद्धा खात नव्हते. मंडळाच्या गणपतीत कुणी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा विषय काढला की हे हात वर करून म्हणायचे, "आमच्या गावाची बदनामी माझ्यापासून सुरू होते."

अशा माणसाला वितळलेलं शिसं साच्यात ओतून घरी पिस्तुलाच्या गोळ्या बनवायचा नाद होता.

माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने रडणंच बाकी ठेवलं. "बंदूकवाल्याच्या घरात राहतेस? रोज बातम्या ऐकतो आम्ही तिथल्या!" काकांनी ते जिन्याखालून ऐकलं असावं. वर आले आणि म्हणाले, "दे, मी बोलतो." व्हिडिओवर आईने आढेवेढे न घेता विचारलं, "तुम्हाला स्वतःला भीती नाही वाटत का हो?"

"वाटते ना," काका म्हणाले. "रोज वाटते. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी सगळं विकून टाकीन."

आईला हे उत्तर का पटलं कोण जाणे. पण त्यानंतर ती मला आधी "काका कसे आहेत" विचारायची, मग माझी तब्येत.

शनिवारी सकाळी गॅरेजचं दार सताड उघडं टाकून काका भट्टी लावत. टेक्सासच्या उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा जाड शर्ट, कातडी एप्रन, हातमोजे, तोंडाला मास्क. शिसं विषारी. ते बोटांवरून पोटात जातं, म्हणून काकूंनी नियम घालून दिलेले होते. गॅरेजमधले कपडे घरात यायचे नाहीत, ते वेगळे धुवायचे. गॅरेजमधून स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. बाजूच्या दाराने थेट न्हाणीघर, डोक्यावरून आंघोळ, मगच चहा. काकू सासरी असताना त्यांच्या सासूने त्यांना सोवळ्याओवळ्यावरून फार छळलं होतं म्हणे. "तेव्हा मी शिवायचं नाही म्हणून बाजूला बसायचे," त्या म्हणायच्या, "आता त्यांचा लेक बाजूला बसतोय." त्यांचा म्हणजे सासूबाईंचा. काका एप्रन घालून उंबऱ्याबाहेर उभे राहत आणि काकू आतून त्यांच्या पेल्यात वरूनच पाणी ओतत. दोघांनाही ते करताना मजा येत असे.

शिसं येई टायरच्या दुकानातून. चाकाचा तोल राखायला रिमला शिशाची छोटी वजनं लावलेली असतात. टायर बदलला की ती निघतात. काका ती मागायला जाताना काकूंच्या चिवड्याचा डबा घेऊन जात. तिथला मेक्सिकन मालक तो चिवडा लिंबू पिळून खायचा. एकदा त्याने काकांना वजनांऐवजी आधी डबा दाखवायला सांगितला आणि काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "तुझी पत माझ्यापेक्षा जास्त आहे तिथं."

साच्यातून पडलेली प्रत्येक गोळी ते चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ धरून बघत. जिच्या अंगावर बारीक सुरकुती असेल ती परत भट्टीत. टाकताना म्हणत, "जा बाई, पुन्हा जन्म घे." मी हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसलेली असे. आमच्या ऑफिसात सापडलेला बग कुणी मान्य करेपर्यंत आठवडा जायचा. इथे माणूस स्वतःच बनवतो, स्वतःच नापास करतो, हे बघायला मला बरं वाटायचं.

एकदा गॅरेजमध्ये साप निघाला. मी टेबलावर चढले. काका लांब दांड्याचा झाडू आणि बादली घेऊन त्याची मनधरणी करत बसले, "चल की राजा, उन्हात काय मजा आहे इथं?" साप काही केल्या बादलीत जाईना. मी ओरडले, "काका, घरात दोन पिस्तुलं आहेत!"

ते खरोखर चकित होऊन वळले. "ती कागदासाठी आहेत," म्हणाले.

कागदासाठी म्हणजे नेमाच्या कागदासाठी. आयुष्यात त्यांनी दुसऱ्या कशावर गोळी झाडली नव्हती. मी एकदा विचारलं, मग यात एवढं काय आहे? त्यांनी हातातलं पुंगळीचं पितळ पुसून खाली ठेवलं. मग म्हणाले, "चाळीशीपर्यंत मी गेज बनवली, नंतर गेज बनवणाऱ्यांवर साहेब झालो. पण माझं काम शेवटी कुठे जाऊन लागलं, ते मला कधी दिसलं नाही. इथं दिसतं. कागदाला भोक पडतं."

त्यांचा एक नियम मात्र कुणासाठीही हलत नसे. स्वतः भरलेलं काडतूस ते दुसऱ्याला वापरू देत नसत. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, कुणी मागितलं तर विकत आणलेला बॉक्स पुढे करत. "माझी चूक झाली तर माझ्या हातात फुटू दे," म्हणत. "दुसऱ्याच्या हातात कशाला?"

तो नियम त्यांनी वॉल्टरसाठी मोडला.

वॉल्टर समोरच्या घरात राहायचा. उंच, वाकलेला, आयुष्यभर शाळेची बस चालवलेला म्हातारा. काका रिटायर होऊन घरात येरझाऱ्या घालत होते तेव्हा यानेच त्यांना पहिल्यांदा रेंजवर नेलं होतं, शिसं कसं ओतायचं तेही यानेच शिकवलं. काका त्याला तोंडावर वॉल्टर म्हणत, पण आमच्याशी बोलताना "गुरुजी". बायको गेल्यापासून वॉल्टर एकटा होता. आता त्याचे हात थरथरायला लागले होते. मुलगी त्याला मिनेसोटाला, ईडन प्रेरीला घेऊन जाणार होती. "तिथे मे महिन्यातही बर्फ पडतो," तो काकूंना सांगायचा, जणू काकू काहीतरी करून ते थांबवू शकतील.

रेंजच्या क्लबमध्ये वयस्करांचा जोडीचा सामना असे. दोघांचे गुण एकत्र धरायचे. काका आणि वॉल्टर कित्येक वर्षं जोडीने उतरत आणि कित्येक वर्षं हरत. जायच्या आधी वॉल्टरला एकदा उतरायचं होतं. पण थरथरत्या हातांनी त्याला काडतुसं भरता येईनात आणि दुकानातली त्याच्या मनगटाला सोसेनात, फार झटका देत. काकांची शिशाची गोळी मवाळ चाले. वॉल्टरने मागितलं नाही. काकूंनीच एका संध्याकाळी काकांना सांगितलं, "अहो, त्याला करून द्या. नाहीतर तो जाईल आणि तुम्ही नियम कुरवाळत बसाल."

काका पंधरवडाभर खपले. प्रत्येक काडतूस त्यांनी स्वतः घडवलेल्या गेजमध्ये टाकून बघितलं. पोलादाचा ठोकळा, त्याला आरपार मापाचं भोक. काडतूस त्यात अलगद बसलं की पास. सगळी पास झाली. त्यांनी ती स्वतःच्या पिस्तुलातूनही झाडून बघितली. एकही अडलं नाही.

सामन्याच्या दिवशी मीही गेले, काचेमागे बसायला. वॉल्टरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याची पाळी आली. त्याने पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडली. ती पुढे आली आणि अगदी शेवटी, नखाएवढं अंतर राहिलेलं असताना थांबली. काडतूस आत पूर्ण बसलंच नाही. वॉल्टरने तळव्याने मागून थाप मारली. बंद झाली, एक गोळी गेली, दुसरी पुन्हा अडली. त्याने पुन्हा थाप मारली, जरा जोरात. आता स्लाइड ना पुढे जाईना, ना मागे येईना.

"थांब!" काका मराठीत ओरडले. सगळी रेंज थांबली. ते पंचांची परवानगी घेऊन पुढे गेले, पिस्तुलाचं तोंड खाली नेमाकडेच राहील अशा बेताने पंचांसमोर ते मोकळं केलं आणि अडलेलं काडतूस बघितलं. मग सगळ्यांच्या देखत, चांगल्या मनाने, पण टूलरूमच्या साहेबाच्या आवाजात वॉल्टरला म्हणाले, "काडतुसं बरोबर आहेत, सगळी गेजमध्ये बसली आहेत. तुझा हात स्लाइड धरून ठेवतोय. तू ती सोडत नाहीयेस."

वॉल्टरने आपल्या हाताकडे बघितलं. मग कानांवरचे हेडफोनसारखे मफलर काढले, पेटी आवरली आणि पार्किंगकडे गेला. आम्ही तिघे एकाच गाडीतून आलो होतो. घरासमोर उतरताना वॉल्टरने मला "गुडनाइट, डिअर" म्हटलं. दुपारचे दोन वाजले होते.

पुढचे काही दिवस तो दिसलाच नाही. त्याच्या पोर्चवरची खुर्ची रिकामी. काका गॅरेजमध्ये जात, गेज हातात घेत, ठेवून देत. एकदा मला म्हणाले, "गेज खोटं नाही."

"काका, गेज कुणी बनवलं?"

"मी."

"काडतूस कुणाच्या नळीत टेस्ट केलं?"

"माझ्या."

मी हसले. "आमच्या ऑफिसात डेव्हलपर रोज हेच म्हणतात. माझ्या मशीनवर चालतंय."

त्यांना राग आला. गेज पुसून फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि घरात गेले. आंघोळ, चहा. संध्याकाळी जिन्याशी येऊन म्हणाले, "त्याची नळी पाहिजे."

पण मागणार कोण? काकांची हिंमत होईना. शेवटी दुसऱ्या दिवशी काकू निघाल्या. ज्या बाईने इतक्या वर्षांत गॅरेजचा उंबरा ओलांडला नव्हता, ती थालीपिठं आणि लोणी डब्यात घालून रस्ता ओलांडून गेली. वॉल्टर थालीपिठाला तिखट पॅनकेक म्हणायचा. तासाभराने काकू आल्या. डबा उघडला तर आत रुमालात गुंडाळलेली पिस्तुलाची नळी.

"काय म्हणाला?" काकांनी विचारलं.

"काही नाही. खाल्लं. मग म्हणाला, मला आता हे लागणार नाही, ठेवून घ्यायला सांग." काकूंनी डबा घासायला वेगळा काढला. "अहो, त्याचे डोळे चांगले दिसत नव्हते."

काका तशीच नळी घेऊन गॅरेजमध्ये गेले. मी खुर्चीत जाऊन बसले. आधी त्यांनी स्वतःची नळी उभी धरली आणि काडतूस वरून सोडलं. टप् असा स्वच्छ आवाज आला. बोटाने फिरवलं, तर सहज फिरलं. मग तेच काडतूस वॉल्टरच्या नळीत सोडलं. आवाज आला तो कापसात काही पडल्यासारखा. काडतूस थोडं वर राहिलं. फिरेना. ओढून काढावं लागलं.

"दाखवा," मी म्हटलं आणि हात पुढे केला.

"हात मांडीवर," ते म्हणाले.

त्यांनी काळं मार्कर घेऊन ते काडतूस वरून खालपर्यंत रंगवलं आणि पुन्हा नळीत दाबून बाहेर काढलं. जिथे घासेल तिथला रंग जाणार. मला समजावत राहिले. गोळी बसवताना पुंगळीचं तोंड जरा फाकवावं लागतं. ते नंतर नीट आवळलं नसेल तर पितळ घासतं. त्यांनी तोंड बघितलं. रंग शाबूत. कधी गोळी बसवताना शिशाची साल निघून काठावर साठते. तीही नव्हती. मग त्यांनी काडतूस दिव्याखाली धरलं आणि तसेच धरून राहिले.

पितळाच्या काठाच्या जरा वर, गोळीच्या खांद्यावर, शिसं चमकत होतं. सारख्या अंतरावर बारीक खुणा होत्या.

नळीच्या आत पिळदार खाचा असतात, त्या गोळीला फिरकी देतात. काकांच्या नळीत त्या खाचा जरा लांबून सुरू होत होत्या. वॉल्टरच्या जुन्या नळीत अगदी जवळून. त्यामुळे गोळी आत पूर्ण जायच्या आधीच खाचांवर टेकत होती. गेजमध्ये खाचा नसतातच. गेजने पितळ बरोबर मोजलं होतं, पण शिसं कुठे जाऊन टेकतंय ते त्याला कळायला मार्गच नव्हता.

काका स्टुलावर बसले. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. सगळं आयुष्य गेज.

ते उठले. काडतूस बाकावर टाकून एप्रन, हातमोजे आणि गळ्यातल्या मास्कसकट ते गॅरेजमधून बाहेर पडले आणि भर दुपारी रस्त्याच्या मधून धावत सुटले. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन्ही हात वर. "वॉल्टर! माय मिस्टेक! वॉल्टर! माय मिस्टेक!" एक कुरिअरची गाडी त्यांच्यासाठी थांबली. काकू खिडकीतून ओरडल्या, "अहो, आंघोळ!"

इतकी मोठी चूक सापडून इतका आनंदलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मी मागून पोचले तेव्हा वॉल्टर दारात उभा होता आणि काका धापा टाकत त्याला हातवारे करून नळीच्या आतल्या खाचा समजावत होते. वॉल्टरने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे माझा हात नव्हता?"

"हात नव्हता. हात चांगला आहे. माझं डोकं होतं."

वॉल्टर पोर्चवरच्या खुर्चीत बसला. डॉक्टरांनी त्याला त्याच महिन्यात थरथरीचं नाव सांगितलं होतं. त्याने ते मुलीलासुद्धा कळवलं नव्हतं. रेंजवर काका जे म्हणाले ते ऐकून त्याला वाटलं होतं, झालं, आजपासून सुरुवात झाली, आता हात काय करतोय ते मला कळणारही नाही. "मी घरी येऊन रोज स्लाइड ओढून बघत होतो," तो म्हणाला. "रिकाम्या पिस्तुलाची. दरवेळी सोडत होतो. पण स्वतःवर विश्वास बसेना, कारण तू म्हणाला होतास."

काकांनी हातमोजे काढले, त्याचा हात धरायला आपले हात पुढे केले आणि मध्येच थांबले. शिसं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि कोल्हापुरात थोरांपुढे वाकतात तसे त्याच्यापुढे वाकले. वॉल्टरला ते काय ते कळलं नाही. तो म्हणाला, "पाठ दुखते का?"

मग काम सुरू झालं. गोळी पुंगळीत जरा खोल बसवायची, एवढाच उपाय. पण गोळी खोल गेली की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो, म्हणून काकांनी दारूचं मापही पुस्तकातून नव्याने, अगदी खालून धरलं. या वेळी वॉल्टर गॅरेजमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बसे, आपली नळी हातात उभी धरून. एकेक काडतूस काका त्यात सोडत. टप्. टप् आवाज आला की वॉल्टर मान हलवे. एकदा आवाज जरा दबका आला तर काका म्हणाले, "हे ठीक आहे," आणि वॉल्टर म्हणाला, "नाही." ते बाजूला काढलं.

मी आता रेडमंडला असते, पावसात बसने ऑफिसला जाते. काकू अजून फोन करतात आणि काका मागून काहीतरी ओरडतात. माझ्या टीममध्ये नवीन मुलगा आला आणि त्याने पहिल्याच दिवशी आपला बग आपणहून सांगितला, तेव्हा मी त्याला कॉफी पाजली. का, ते त्याला समजलं नाही.

वॉल्टर जायच्या आधी क्लबच्या लोकांनी त्या दोघांसाठी पुन्हा एक दिवस ठेवला. सामना वगैरे नाही, नुसते दोन कागद. मी काचेमागे होते. वॉल्टरचा कागद बघण्यासारखा नव्हता. भोकं इकडे-तिकडे, एक तर बाहेरच. पण पिस्तूल एकदाही अडलं नाही. शेवटची गोळी गेली आणि स्लाइड मागे जाऊन उघडी राहिली. त्याने पिस्तूल रिकामं आहे हे पंचांना दाखवलं, पण ते खाली ठेवायला त्याची बोटं सुटेनात. पिस्तुलाच्या मुठीला आवळूनच राहिली होती. तो नुसता उभा राहिला.

काका शेजारी गेले. पिस्तुलाचं तोंड एका हाताने नेमाकडे धरून दुसऱ्या हाताने त्यांनी वॉल्टरची बोटं सोडवायला घेतली. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग पुढचं. अजिबात घाई नाही. पिस्तूल मोकळं झालं तेव्हा ते त्यांनी बाकावर ठेवलं, पण वॉल्टरचा हात सोडला नाही.

"झालं, गुरुजी," ते मराठीत म्हणाले. "छान झालं."

"आय नो," वॉल्टर म्हणाला.